वाघ, वाघर आणि वाघरी : बालाघाटाच्या भाषेतील वन्यजीव-सहवासाचा विचार

१

महाराष्ट्रात कळंब नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक यवतमाळ जिल्ह्यात आणि दुसरे धाराशिव जिल्ह्यात, मांजरेच्या खोऱ्यात. कळंब नावाच्या वृक्षाशी या गावनावांचे नाते असावे, असे सहज सुचते. हा नामसाधर्म्याचा योगायोग एरवी स्थलनामांच्या अभ्यासकापलीकडे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. परंतु २०२४ च्या डिसेंबरात त्याला एक निराळाच संदर्भ लाभला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. अंगावरील पट्ट्यांच्या जुळणीवरून त्याची ओळख पटली. एका कळंबाच्या जिल्ह्यातून निघून तो दुसऱ्या कळंबाच्या जिल्ह्यात येऊन पोहोचला होता.

येडशीचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचा विस्तार अवघा बावीस-तेवीस चौरस किलोमीटरांचा. वाघासारख्या प्राण्याला एवढे क्षेत्र पुरणे शक्यच नव्हते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यातही त्याचा वावर आढळला, गुरे मारली गेली. २०२५ च्या जानेवारीपासून त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलविण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि पुढचे कित्येक आठवडे तो पथकांना हुलकावणी देत राहिला. या घटनेचा वन्यजीवशास्त्रीय ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे, आणि तो प्रस्तुत लेखकाचा अधिकारही नव्हे. येथे विचारावयाचा प्रश्न भाषेचा आहे. वाघ पाहिल्याची आठवणही ज्या प्रदेशात विरत चालली होती, त्या प्रदेशापाशी त्याच्याविषयी बोलण्यासाठी कोणते शब्द उरले होते? आणि त्या शब्दांमध्ये माणसाने जपून कसे राहावे याचे काही ज्ञान साठविलेले होते काय?

२

प्रथम उपलब्ध झाली ती वृत्तपत्रांची भाषा. ‘दहशत’, ‘धुमाकूळ’, ‘हैदोस’, ‘चकवा’ आणि अखेर ‘जेरबंद’ ही शब्दावली महाराष्ट्रभर बिबट्याच्या प्रत्येक बातमीत आढळते. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतील बातम्याही तिला अपवाद नाहीत. या शब्दांचे मूळ क्षेत्र पाहिले तर ते दरोडेखोरी, दंगा आणि बंदोबस्त यांचे आहे. म्हणजे ज्याच्याशी शेजार असू शकतो असे जनावर बातमीत शिरताच गुन्हेगार ठरते.

यांपैकी ‘जेरबंद’ या शब्दाकडे क्षणभर थांबून पाहण्याजोगे आहे. मूळ फारसी ‘ज़ेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे बांधणी. जुन्या मराठीत जेरबंद हा घोड्याच्या साजाचा एक भाग होता. घोड्याने मान वर झुगारू नये म्हणून तोंडाच्या साजापासून छातीखालून तंगापर्यंत नेलेला पट्टा. पाळीव जनावराला ताब्यात ठेवण्याचे हे साधन आज रानटी जनावराला पिंजऱ्यात घालण्याचा वाचक बनले आहे. शब्दाचा हा अर्थविस्तार निरागस नाही. वन्य आणि पाळीव यांमधील सीमारेषा त्यात पुसली गेली आहे आणि ‘ताब्यात असणे’ हीच जनावराची योग्य अवस्था असे गृहीत धरले गेले आहे.

याच्या शेजारी बोलीतले शब्द ठेवून पाहावेत. जनावर ‘उतरले’, ‘फिरून गेले’, ‘पाण्यावर आले’, ‘त्याची वाट तिकडून आहे’. या क्रियापदांत कर्तेपण जनावराकडे आहे. त्याला येण्याजाण्याची वाट, वेळ आणि प्रयोजन आहे. जनावराची वाट ठाऊक असलेला गुराखी संध्याकाळी ओढ्याच्या त्या अंगाला गुरे नेत नाही. बोलीतील वाक्य येथे सूचनेचे काम करते. बातमीतील वाक्य भय उत्पन्न करते. उद्या दिवस मावळताना कोणत्या बांधाने घरी यावे, याविषयी मात्र ते काहीच सांगत नाही.

३

भयंकर प्राण्याचे नाव टाळणे, किंवा त्याला नात्याचे नाव देणे, ही प्रवृत्ती जगातील अनेक भाषांत आढळते. मराठीत तिचे दोन भिन्न प्रकार दिसतात आणि त्यांची गल्लत करणे योग्य नाही.

पहिला प्रकार नाव टाळण्याचा. रात्री सापाचे नाव घ्यावयाचे नाही. ‘लांबडं’ म्हणावयाचे किंवा नुसते ‘जनावर’. सर्पदंश झाला असे न म्हणता ‘पान लागलं’ असे म्हणावयाचे. आमच्या लहानपणी घरातील म्हातारी माणसे कंदील घेतल्याखेरीज रात्री अंगणात पाऊल टाकू देत नसत आणि विचारले तर कारणाऐवजी ‘लांबडं असतंय’ एवढेच सांगत. नाव टाळण्यामागे शब्द उच्चारला की वस्तू उपस्थित होते, ही आदिम समजूत आहे हे खरेच. परंतु तिचा व्यावहारिक परिणामही लक्षात घेतला पाहिजे. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही ते सतत स्मरणात राहते. अंधारात पायाखाली पाहून चालण्याची सवय त्या न घेतलेल्या नावाने लावली.

दुसरा प्रकार ‘-बा’ प्रत्ययाचा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, नागोबा, वाघोबा. पित्याचा वाचक असलेला हा प्रत्यय देवाला आणि हिंस्र प्राण्याला एकाच पंक्तीत बसवितो आणि क्रियापदालाही आदरार्थी बहुवचन घ्यावयास लावतो. हाच प्रत्यय पुढे बालकथांत ‘कोल्होबा’ झाला, तेव्हा त्यातील भय गळून गंमत उरली; मांजर तर वाघाची मावशीच झाली. दैवतकथेपासून बालकथेपर्यंतच्या या उतरणीत प्रत्यक्ष वाघ केव्हा दूर गेला याचा कालक्रम लावता आला तर तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल.

मात्र ‘वाघोबा’ या संबोधनावरून ग्रामीण माणूस वाघावर प्रेम करीत होता असा निष्कर्ष काढणारे अलीकडचे लेखन भाबडे वाटते. ‘वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो’ ही म्हण त्याच समाजाने रचली आहे. आदराने संकट टळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग आदर कशासाठी? आपल्या मते आदर हा येथे अंतर राखण्याचा व्याकरणिक उपाय आहे. ज्याला ‘अहो’ म्हणावयाचे त्याच्या अंगचटीला जावयाचे नसते. सासऱ्याच्या, गावच्या पाटलाच्या किंवा वाघाच्याही नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण याच दृष्टीने वाचावी. आज ती अल्पसंतुष्टाला उद्देशून वापरली जाते. तिच्या मुळाशी मात्र वाडग्यातली काकडी कोल्हा खातो, हे शेतकऱ्याचे साधे निरीक्षण आहे. आणि तेवढ्यावर तो राजी होतो, हा हिशेबही आहे. थोडे नुकसान सोसून शेजार टिकतो, हा हिशेब प्राण्याच्या स्वभावाच्या माहितीवर आधारलेला होता.

४

आता प्रस्तुत लेखाच्या मुख्य शब्दाकडे वळू. धनगरांचा वाडा मुक्कामाला उतरला की मेंढरांभोवती जाळे लावून घेतात. या जाळ्याला ‘वाघर’ म्हणतात. रात्री लांडगा, तरस किंवा बिबट्या यांपासून मेंढरांचा बचाव व्हावा आणि मेंढरेही भरकटू नयेत म्हणून ही वाघर लावलेली असते. शब्द ऐकताच ‘वाघापासून राखणारी ती वाघर’ अशी व्युत्पत्ती कोणालाही सुचते आणि सांगणारेही तशीच सांगतात. परंतु ही लोकव्युत्पत्ती होय. ‘वाघ’ हा शब्द संस्कृत ‘व्याघ्र’, प्राकृत ‘वग्घ’ या वाटेने आला. ‘वाघर’ किंवा ‘वाघूर’ याचे मूळ मात्र संस्कृत ‘वागुरा’ हे आहे. वागुरा म्हणजे हरणे पकडण्याचे जाळे. अमरकोशात ती मृगबंधनी या अर्थाने येते आणि ती वापरणारा व्याध तो वागुरिक. ‘ग’चा ‘घ’ होण्यास ‘वाघ’ या शब्दाचे सान्निध्य कारणीभूत झाले असावे.

म्हणजे शिकाऱ्याने हरीण पकडण्यासाठी विणलेले जाळे मेंढपाळाने उलटे लावले. आत जनावर कोंडून मारावयाचे, त्याऐवजी आतले राखावयाचे आणि बाहेरचे बाहेर ठेवावयाचे. वस्तू तीच, शब्दही तोच. फक्त माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते बदलले. मराठी ग्रामीण संस्कृतीत माणूस आणि वन्यपशू यांच्या संबंधाचे याहून नेमके रूपक दुसरे सापडणे कठीण आहे, आणि ते कोणा कवीने रचलेले नाही.

याला जोडून ‘वाघ्या’ या शब्दाचाही विचार करावा लागतो. खंडोबाचा वाघ्या वाघाच्या कातड्याच्या पिशवीत भंडारा बाळगतो, नाव वाघाचे मिरवितो; विधीत मात्र तो देवाचा कुत्रा होतो, भुंकतो आणि कोटंब्यातील नैवेद्य खातो. धाराशिव जिल्ह्यातच अणदूर आणि नळदुर्ग येथे आलटून पालटून मुक्काम करणारा खंडोबा आहे, त्यामुळे ही परंपरा येथील वाचकास परकी नाही. गुंथर सोन्थायमर यांनी धनगर आणि खंडोबा यांच्या परंपरांचा आयुष्यभर मागोवा घेतला. रानातील आणि वस्तीतील दैवतांचे, प्राण्यांचे संबंध परस्परांत कसे मिसळतात, हे त्यांच्या अभ्यासाचे एक सूत्र होते. आपल्यापुरते एवढे नोंदवावे की मेंढवाड्याचे रक्षण करणाऱ्या कुत्र्यालाही गावोगाव वाघ्या हेच नाव असते. राखणदाराला शत्रूचे नाव आणि राखणीच्या जाळ्याला शिकारीचे नाव, या दोन्हींमागे एकच विचारपद्धती आहे.

५

या विचारपद्धतीचा साहित्यातील माग किती मागे नेता येतो? कळंबपासून फार दूर नसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनकालीन व्यापारी नगर. त्याच सातवाहन राजवटीशी हाल राजाच्या नावाने प्रसिद्ध असलेली माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती निगडित आहे. तिच्यात शेत राखणाऱ्या, पिकावरील पोपट उडविणाऱ्या मुली आहेत, तसे व्याधही आहेत. बाण सुटण्याच्या क्षणी हरीण आणि हरिणी एकमेकांना पाठीशी घालू लागतात, ते पाहून स्वतःच्या संसाराची आठवण झालेला व्याध डोळ्यांतील पाण्याने भिजलेले धनुष्य खाली ठेवतो, असा आशय असलेली गाथा अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तिची चर्चा शृंगारकाव्य म्हणून पुष्कळ झाली. येथे तिच्याकडे निराळ्या अंगाने पाहावेसे वाटते. त्या व्याधाला हरिणांचे वर्तन बारकाईने ठाऊक आहे. त्याची करुणा अज्ञानातून आलेली नाही. जवळून पाहिल्यामुळे ती आली आहे.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील सशाची लीळा याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखाली आश्रयाला येतो. मागून आलेले पारधी तो मागतात. शरण आलेल्याला देता येत नाही, हे स्वामी त्यांना समजावून सांगतात आणि ते निघून गेल्यावर सशाला आदरार्थी संबोधून जावयास सांगतात. या लीळेचे अहिंसापर विवरण नेहमीच केले जाते व ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यांनी तिच्या शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. ससा पाळला जात नाही. त्याला नाव दिले जात नाही, खाऊ घातले जात नाही, आश्रमात ठेवून घेतले जात नाही. संकट टळताच त्याला निरोप दिला जातो. रक्षण आणि ताबा यांतील भेद तेराव्या शतकातील या मराठी गद्याने किती सहजपणे पाळला आहे! वर उल्लेखिलेल्या ‘जेरबंद’शी याची तुलना करून पाहावी.

आधुनिक साहित्यात व्यंकटेश माडगूळकरांचे नाव प्रथम येते. ‘बनगरवाडी’ (१९५५) ही माणदेशातील धनगरवस्तीची कादंबरी, आणि ‘सत्तांतर’ (१९८२) ही वानरांच्या टोळ्यांची. या दोहोंच्या मधल्या काळात शिकारी माडगूळकर निरीक्षक बनले. समीक्षेने ‘सत्तांतर’ मधील सत्तासंघर्षाला मानवी राजकारणाचे रूपक मानण्याची घाई केली, असे आमचे मत आहे. वानरांविषयीची कृती वानरांविषयी असू शकते, ही शक्यता मराठी समीक्षेने फार उशिरा मान्य केली.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे मूळ सोलापूरचे, म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याच्या माळरानाचे. वनखात्यातील नोकरी विदर्भात बरीच गेली तरी त्यांच्या ‘पक्षिकोशा’ला ज्या गोष्टीचे मोल कळले ती बोलीभाषांतील नावे होत. पक्ष्याचे स्थानिक नाव म्हणजे त्याच्या सवयीचे वर्णनच असते. माळावरचा ढोक तो माळढोक. तणात राहणारा, मोराची आठवण करून देणारा तो तणमोर. सोलापूरजवळील नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज त्या पक्ष्याचे दर्शन तेथे जवळजवळ दुर्मीळ झाले आहे. पक्षी गेला तरी नाव काही काळ टिकते. पण नावामागचे निरीक्षण मात्र पक्ष्याबरोबरच जाते.

६

येथवरच्या विवेचनात एक उणीव राहिली आहे आणि ती जाणूनबुजून शेवटाकडे ठेवली आहे. वन्यप्राण्यांविषयीची सर्वांत सूक्ष्म भाषा ज्यांच्यापाशी होती ते या तालुक्यात ना मेंढपाळ होते, ना शेतकरी. ते पारधी होते. कळंब तालुक्यात पारध्यांच्या वस्त्या आहेत, त्यांना ‘पारधी पिढी’ म्हणतात. फास लावणारे ते फासेपारधी. त्यांची गुजरातीशी नाते सांगणारी बोली ‘वाघरी’ या नावाने ओळखली जाते, आणि वाघरी या नावाचा संबंधही वागुरेशीच जोडला गेला आहे. तसे असेल तर धनगराची वाघर आणि पारध्याची वाघरी या एकाच जाळ्याच्या दोन गाठी होत.

पण या दोन गाठींचे नशीब सारखे नव्हते. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी पारध्यांवरील शिक्का गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. वन्यजीवांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते, याविषयी दुमत नाही. परंतु त्या कायद्यामुळे ज्यांची उपजीविका गेली त्यांच्यापाशी असलेल्या ज्ञानाचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ठशावरून जनावराचे वय, चाल आणि हेतू सांगणारा माणूस संशयित ठरला. आता वाघ शोधावयाचा झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके मागवावी लागतात. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) परिसरात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोराच्या आणि गवताळ माळाच्या रक्षणाचे काम केले, हे उदाहरण आपल्याकडेही अभ्यासण्याजोगे आहे.

मराठीतील दलित-भटक्यांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना आपण वेदना आणि विद्रोह यांच्या नोंदी घेतो. त्याच पानांत रानाचे, पाण्याचे, जनावरांचे जे तपशील येतात ते पार्श्वभूमी समजून ओलांडले जातात. पदव्युत्तर वर्गात ही आत्मकथने शिकविताना निदान एकदा ती या तपशिलांसाठी वाचावीत. पारधी बोलीतील प्राणिवाचक शब्दांचा संग्रह हे काम तर एखाद्या तालुक्यापुरते का होईना, ताबडतोब हाती घ्यावयास हवे. ज्यांना ते शब्द येतात त्यांची मुले आता शाळेत प्रमाण मराठी शिकत आहेत. त्यांनी ती शिकूच नये असे कोण म्हणेल?

७

पिकाची राखण हा या विषयाचा रोजचा, अनाटकी भाग. कळंब परिसरात वाघ ही वर्षानुवर्षांतून एकदाची गोष्ट. हरीण आणि रानडुक्कर ही प्रत्येक हंगामातली. ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणे, बुजगावणे उभारणे, रात्री ‘जागलीला’ जाणे ही जुनी साधने. जागल या शब्दात जागरण आहे, सोबत आहे आणि माणसाच्या आवाजाने जनावराला दिलेली सूचनाही आहे. सोयाबीन आणि ऊस यांनी ज्वारी मागे सारली तसा माळाही गेला. माळ्याच्या उंचीवरून ज्वारी राखता येत असे. पुरुषभर वाढलेल्या उसात काय आहे ते कोणत्याच उंचीवरून दिसत नाही.

उसाची ही अदृश्यता बिबट्याला मानवते. अकोले (जि. अहिल्यानगर) येथील उसाच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वज्ञात आहे. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतभागात बिबटे कायमचे राहतात, असे त्यात दिसून आले. त्यापूर्वी जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले वाढले, हेही त्याच अभ्यासकांनी दाखविले होते. म्हणजे जनावराला आपली वाट, आपला ठाव असतो आणि तो तोडला की ते अधिक धोक्याचे होते. बोली जे ‘त्याची वाट तिकडून आहे’ या वाक्यात सांगत होती, त्याला आता मोजमापाचा आधार मिळाला. विज्ञानाला येथे बोलीकडून शिकावे लागले असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. ते दोघे स्वतंत्र वाटांनी एकाच बांधावर आले, एवढेच.

जागलीच्या जागी आज शेताभोवती सौर कुंपण येते. त्याला येथील शेतकरी ‘झटका’ म्हणतो. ‘झटका लावला का?’ असा प्रश्न सर्रास कानी पडतो. शब्द अस्सल मराठी, नादानुकारी आणि नेमका आहे. वाघर मेंढरांना आत ठेवी आणि राखणाऱ्याला त्यांच्याजवळ झोपावे लागे. झटका लावला की राखणारा घरी झोपू शकतो, आणि दिवसभर कष्टलेल्या माणसाला ती झोप हवीच असते. मात्र सुरक्षित झटक्याऐवजी कोणी सरळ मुख्य वाहिनीवरून तार टाकली तर तिने रानडुकराबरोबर शेजारच्या शेतात पाणी धरायला निघालेला माणूसही मरतो. दोन्हींना बोलीत अजून एकच शब्द आहे, ‘करंट सोडलाय’. जीव वाचविणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या तारेसाठी वेगवेगळे शब्द या भाषेत केव्हा रूढ होतात, ते पाहण्यासाठी येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी येत्या रब्बीत वही घेऊन बांधावर जाऊन बसावे.